अकराव्या रकान्यातलं गाव

फॉर्मवर चौदा रकाने होते. अकरावा असा: जन्मापासून वयाच्या आठव्या वर्षापर्यंत आपण कुठे राहत होता? थोड्या काळाचं वास्तव्य असल्यास तेही लिहावं. मी त्या दिवशी दोन फॉर्म भरले. एक माझा, एक माझ्या धाकट्या भावाचा. दोन्हींच्या अकराव्या रकान्यात मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव लिहिलं. माझ्या फॉर्मवर ते खरं होतं. भावाच्या फॉर्मवर खोटं होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

नगरमधल्या एका दैनिकात मी बावीस वर्षं बातमीदार आहे. कागदोपत्री शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे; बातमीत आम्ही तेच लिहितो, बोलताना नगर म्हणतो. चुकीची बातमी छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा द्यायचा, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. इतरांच्या चुकांचे खुलासे मी लिहिले. हा मजकूरही त्यातलाच धरावा.

फॉर्म एका संशोधक बाईंचे होते. त्या पुण्याहून यायच्या. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेच्या काठावर एक पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखमातीचं टेकाड. तिथे पूर्वी खोदकाम झालं तेव्हा घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसांचे सांगाडे निघाले होते, तीन हजार वर्षांहून जुने. त्या काळी इथले लोक मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडून टाकत. का, ते नक्की कुणाला सांगता येत नाही. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असं म्हणतात. बाईंचा अभ्यास त्या लोकांच्या चालण्याचाच होता. संग्रहात ठेवलेला एका तरुण स्त्रीचा सांगाडा पेटीतून बाहेर काढून त्यांनी तिच्या दाढेचा कण तपासला होता, आणि ती स्त्री इथे वाढलेली नव्हती असं त्यांचं म्हणणं होतं.

हे कसं कळतं, ते मी त्यांच्याकडून चार वेळा समजून घेतलं, कारण बातमीत चूक नको होती. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी थोडा असतो. त्याचे हलके आणि जड प्रकार असतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. खडकाची माती होते, मातीतून ते पाण्यात आणि धान्यात उतरतं, मग खाणाऱ्याच्या हाडांत आणि दातांत जातं. हाडं आयुष्यभर बदलत राहतात. दाताचं वरचं कवच मात्र लहानपणी एकदा घडलं की तसंच राहतं. पहिली मोठी दाढ जन्मापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत घडते. त्या वर्षांत माणूस जिथलं पाणी प्यायला, तिथला खडक त्याच्या दाढेत राहतो. आपला सगळा मुलूख काळ्या बसाल्टचा, त्यामुळे माणूस नगरहून साताऱ्याला गेला तरी दाढेला फारसा फरक कळत नाही. त्या स्त्रीची दाढ बसाल्टच्या बाहेरची होती. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या मुलखातली असावी, असा बाईंचा अंदाज होता.

बातमी पहिल्या पानावर लागली. आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले, "पाय तोडलेल्या बाईचा प्रवास. मथळा तोच ठेव." सुट्टीला गावी गेलेल्या भावाने आईला ती वाचून दाखवली. आई मला फोनवर म्हणाली, "बाईमानूस बाहेरून आलं, ह्यात छापन्यासारकं काय? मी बी बाहेरूनच आले. बीडच्या अंगाकडून."

मग फोन भावाने घेतला. तो नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. "दादा," तो म्हणाला, "म्हंजे माझ्या दाढंत बी आसंल का तसलं काही? मी तर तिकडंच चालायला शिकलो."

असणार, हे मला बातमी लिहितानाच कळलं होतं.

मी चार वर्षांचा आणि भाऊ तीन महिन्यांचा होता, तेव्हा आई-वडील पहिल्यांदा ऊसतोडीला गेले. त्यानंतर दर वर्षी. दसरा झाला की ट्रक येई. भाऊ आईच्या काखेत, मी आत्याजवळ. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परतली होती, मूलबाळ नव्हतं. मला शाळा असते म्हणून ठेवतो, असं आई-वडील सगळ्यांना सांगत. पहिल्या वर्षी मला शाळा नव्हती, पण कारण तेच होतं. पुढची सात-आठ वर्षं त्यांची टोळी कर्नाटकात, तुंगभद्रेच्या काठच्या एका साखर कारखान्यावर जात राहिली. वर्षातले सहा महिने मला आई नसे.

लोक म्हणतात, मी नशीब काढलं. मी शिकलो, पत्रकार झालो. भाऊ उसाच्या फडात वाढला, उशिरा शाळेत गेला, दहावीला थांबला. हे सगळं खरं आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर मी आमच्या दैनिकात मालिका लिहिली आहे, आणि तिच्यात एकही ओळ चुकीची नाही. तिच्यात आलं नाही ते एवढंच, की मला त्या मुलांचा हेवा वाटे. चैत्रात ट्रक परत येई तेव्हा भाऊ आईच्या मांडीवर बसलेला असे. त्याच्या अंगाला आईच्या अंगासारखाच वास येई, उसाच्या वाळक्या पाचटाचा आणि धुराचा. दोघांना कानडी येई. जेवलास का हे आई त्याला "ऊटा आय्ता?" असं विचारी, आणि तो मान हलवी. मला ती मराठीत विचारी, पाहुण्याला विचारतात तसं. आजही भावाने फोन केला की ती आधी ऊटा आय्ता म्हणते. मी केला तर म्हणते, "बोल."

बाईंना आजच्या माणसांचे दात हवे होते. कोण कुठे वाढला हे पक्कं माहीत आहे अशा माणसांच्या काढलेल्या दाढा तपासायच्या, आणि आपली पद्धत बरोबर उत्तर देते का ते पाहायचं. इथेच वाढलेले लोक भरपूर मिळतील, लहानपण बाहेर काढलेलं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, असं त्या म्हणाल्या होत्या. भावाची एक दाढ किडलेली होती आणि ती काढायची ठरलेलीच होती. त्याने ती धुऊन, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून मला आणून दिली.

"फॉर्म तूच भर," तो म्हणाला. "तुला समदं म्हाईत हाय."

पुढच्या आठवड्यात मी माझी दाढ काढून घेतली. ती दुखत होती हे खरं. दंतवैद्य म्हणाले, रूट कॅनल करू, अजून कितीतरी वर्षं जाईल. मी म्हणालो, काढा. बायकोने विचारलं तेव्हा रूट कॅनल करण्यासारखी राहिली नव्हती, असं सांगितलं. भावाची दाढ पुण्याला जाणार आणि माझी जाणार नाही, एवढ्यासाठी मी वाचण्यासारखी दाढ घालवली.

नंतर फॉर्म भरले. आमच्या भागात ऊसतोडीच्या माणसाला कुठे राहता असं विचारलं, तर तो गावाचं नाव सांगतो. फडाजवळ पाचटाची कोपी बांधून सहा सहा महिने काढलेले असतात, पण कोपी ही राहण्याची जागा धरत नाहीत. रेशनकार्डावर गाव, मतदारयादीत गाव, शाळेच्या दाखल्यावर गाव. तिकडे गेलेले असतानाही 'आमी गावातच आसतो' असं सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. भावाने स्वतः फॉर्म भरला असता तरी अकराव्या रकान्यात हेच आलं असतं, आणि ती चूक प्रामाणिक असती. मला ही सवय माहीत होती. मालिकेतला एक भाग मी तिच्यावरच लिहिला होता. तुंगभद्रेचं नाव लिहिलं असतं तर बाईंनी भावाला फोन केला असता, त्याला भेटायला आल्या असत्या, त्याचं म्हणणं टिपून घेतलं असतं. मी गावाचं नाव लिहिलं. भावाने न वाचता सही केली.

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला. मी कचेरीत होतो.

"तुमची दाढ अगदी इथलीच आहे," त्या म्हणाल्या. "शुद्ध नगरी. भावाची मात्र जुळत नाही. दोनदा तपासली. कवचाच्या थरांत चढउतार दिसतोय, जरा अंधूक आहे, पण आहे. तो लहानपणी खरंच कुठे बाहेर नव्हता?"

"तपासून सांगतो," मी म्हणालो.

"नक्की सांगा. कारण तो इथलाच असेल तर माझी पंचाईत आहे. पाथर्डीत वाढलेल्या माणसाची दाढ अशी येत असेल, तर इथल्या मातीबद्दल मी काहीतरी चुकीचं धरलंय. मग आपली ती प्रवरेकाठची बाईसुद्धा इथलीच असू शकते."

"मग काय करणार?"

"महिनाअखेर शोधनिबंध पाठवायचाय. तोपर्यंत उलगडा झाला नाही तर ती बाहेरून आली हे वाक्य मी काढून टाकेन. दुसरं काय करणार?"

मी नऊ दिवस काही सांगितलं नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवत होतो आणि रोज बातम्यांची कामं पुढे करत होतो. खरं सांगितलं तर भावाची दाढ ही त्यांच्याकडच्या सगळ्या दाढांमधली सर्वांत मोलाची ठरणार होती. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, हे एका दाढेत नोंदलेलं. माझी दाढ इतर इथल्या दाढांच्या ढिगात. न सांगितलं, तर दक्षिणेतून एवढं अंतर चालत आलेल्या एका स्त्रीला मी पुन्हा प्रवरेकाठीच जन्माला घालणार होतो. तिचे पाय एकदा तोडून झाले होते. हे वाक्य मला चौथ्या दिवशी सुचलं. तरी पुढचे पाच दिवस मी फोन केला नाही.

दहाव्या दिवशी भावाला सुट्टी होती आणि तो गावी गेला होता. मी एसटीने पाथर्डीला आणि तिथून जीपने गावी गेलो. आईकडून वर्षं नक्की करून घ्यायची, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आई ओट्यावर मटकी निवडत होती. भाऊ शेजारी भिंतीला टेकून बसला होता.

"तिकडे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत गेलात?" मी आईला विचारलं.

"साल मला काय ठावं. हा तान्हा हुता तवापासून ह्याचे दुधाचे दात पडस्तवर."

"जागा कशी होती?"

"नदी हुती. भात लई. आन् धोंडे. हत्तीयेवढाले, गोल, एकावर एक रचून ठिवल्यागत. तांबूस. आपल्याकडं कसा काळा दगूड, तसा न्हाई. तुझ्या बापानं एक पाटा आनला हुता तिकडून ट्रकात घालून. त्याच्यावर मसाला वाटला की दाताखाली कचकच यायची. दिला टाकून."

"त्या धोंड्यांच्या सावलीला मी निजायचो," भाऊ म्हणाला. "गार लागायचं."

मी वहीत लिहून घेत होतो. ग्रॅनाइटच्या मुलखाचं वर्णन बाईंनी मला जवळजवळ याच शब्दांत केलं होतं. आईला ते चाळीस वर्षं माहीत होतं आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"पन हे तू फॉर्मात लिवलंच आसशील की," भाऊ म्हणाला.

"नाही. गाव लिहिलं."

"मग बराबर हाय. आपलं गाव हेच."

मी त्याला बाईंच्या फोनबद्दल सांगितलं. त्याची दाढ गावाशी जुळत नाही, त्यामुळे पांढरीतल्या स्त्रीचा प्रवास खोटा ठरायची वेळ आली आहे, आणि बाई ते वाक्य काढून टाकणार आहेत. तो टेकलेला उठून बसला.

"हे तुला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस? तुझा पेपर तर रोज निघतो." त्याने माझा मोबाईल उचलून माझ्या हातात दिला. "लाव. आत्ता लाव. ती बिचारी कुठून कुठं चालत आली, आन् तू तिला परत घरी बसवतो व्हय?"

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाईंना सांगितलं की भाऊ लहानपणी दर वर्षी सहा महिने तुंगभद्रेच्या काठी होता, आणि आमच्याकडे कुठे राहता असं विचारलं की लोक गावाचंच नाव सांगतात, म्हणून फॉर्मवर तसं आलं. पलीकडून त्यांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांनी भावाला फोन द्यायला सांगितलं.

तो वीस मिनिटं बोलला. कोपी कुठे होती, पाणी कशाचं प्यायचा, भात खायचा की भाकरी, धोंडे कसे होते. बाई प्रत्येक उत्तरावर "हो का, हो का" म्हणत होत्या. मग त्यांनी आईशी बोलायचं म्हटलं. फोनवर माझ्याशी दोन मिनिटांवर कधी न बोललेली आई अनोळखी बाईला नदीचं पाणी कसं होतं, पाऊस झाल्यावर त्याचा रंग कसा व्हायचा, पोराला खोकला झाला तेव्हा तिथल्या कानडी म्हातारीने काय उगाळून दिलं, सगळं सांगत राहिली. भाऊ मधेच एखादा शब्द सुधारी आणि ती दोघं हसत. फोन माझा होता. मी जवळ उभा होतो आणि त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं.

शेवटी फोन माझ्याकडे आला. बाई खुशीत होत्या. "ही गाव सांगण्याची सवय मी निबंधात नोंदवणार आहे," त्या म्हणाल्या. "अशी चूक बरंच काही शिकवून जाते. पुढे फॉर्मचा प्रश्नच बदलायला हवा."

ही नोंद छापली जाणार होती, आणि ती चुकीची होती.

"ती चूक नव्हती," मी म्हणालो. "मला माहीत होतं. मी मुद्दाम गाव लिहिलं."

बाई म्हणाल्या, "का?"

स्पीकर चालूच होता. मी म्हणालो, "तो आईबरोबर होता."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कामाचा झाला होता. "दोन्ही फॉर्म नव्याने भरून पाठवा. सविस्तर. आणि आईंची सही घ्या, माहिती त्यांनी दिली म्हणून. तुमच्या एकट्याच्या सहीवर मी आता घेऊ शकत नाही."

फोन बंद झाला. आई मटकीतले खडे वेचत होती. वेचता वेचताच ती म्हणाली, "चैतात आमी यायचो तवा तू माझ्याकडं यायचा न्हाईस. आत्याच्या लुगड्यामागं लपायचास. मी न्हाऊन, धुतलेलं नेसून बसायचे, तरी यायचा न्हाईस. आठ-आठ दिवस. मला तिचा लई राग यायचा. ती मेली तवाबी थोडा हुता."

मला हे आठवत नव्हतं. आईच्या मांडीवर भाऊ बसलेला मला आठवत होता. मी कुठे उभा होतो ते आठवत नव्हतं.

कोरे फॉर्म माझ्या पिशवीत होते. भावाचा आधी भरला. अकराव्या रकान्यात जागा पुरली नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. आईने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग मी माझा फॉर्म घेतला.

"तुझं काय," भाऊ म्हणाला. "गाव लिव्ह आन् मोकळा हो."

"थांब," आई म्हणाली. "पैली चार वर्सं येगळी लिव्ह. तवा मी इथंच हुते. आमी ऊसाला जात नव्हतो आजून. खालच्या विहिरीचं पानी, मी आनायचे. ह्याला सोडून एक रात कुठं गेले न्हाई, म्हायेराला सुदिक न्हाई."

"चार वर्सं?" भाऊ म्हणाला. "नुसता हाच?"

"मग. दुसरं कोन हुतं?"

"मला न्हाई मिळालीस तशी." तो चेष्टेच्या सुरात बोलायला लागला होता, पण सूर टिकला नाही. "तिकडं तू दिसभर फडात. मी धोंड्याखाली, म्हातारीजवळ. घरी आलो की हा हुताच."

"काम कोन करनार हुतं मग?" आई म्हणाली.

मी लिहिलं: पहिली चार वर्षं, गाव, विहिरीचं पाणी. पाणी कोण आणायचं याला फॉर्मवर रकाना नव्हता. आईने खाली सही केली. भाऊ त्या कागदाकडे बघत होता. ते बघणं मला अनोळखी नव्हतं. ते इतकी वर्षं माझं होतं. त्याच्या नजरेत ते पाहून मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं एकाच जीपने पाथर्डीला निघालो. तो माझ्या समोरच्या बाकावर होता. निम्म्या वाटेवर तो पुढे वाकून म्हणाला, "दादा, तू काढलीस ती दाढ कंची? पैली मोठीच ना?"

"हो."

"म्हंजे त्या चार वर्सातली."

"हो," मी म्हणालो.

तो मागे टेकला आणि बाहेर बघायला लागला.